बालवर्गातला अबोला

त्या घरातल्या दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणून घरात शांतता होती असं कुणी समजू नये. एकमेकींशी बोलत होत्या त्या काळातसुद्धा घरात एवढं बोलणं होत नसे. फरक पडला होता तो इतकाच की आता थोरली गॅसच्या शेगडीशी बोलायची आणि धाकटी फ्रीजशी.

"काही लोकांना दूध तापत ठेवून फोनवर बसायची सवय असते," असं थोरली शेगडीला सांगायची.

"काही लोक दूध उतू जाईस्तोवर बघत उभे राहतात, पण बटण फिरवायचं म्हटलं की त्यांचा हात मोडतो," असं धाकटी फ्रीजला कळवायची.

शेगडी आणि फ्रीज यांच्या मधोमध सासूबाई बसलेल्या असत. त्यांना ऐकू कमी यायचं, पण सोयीनं. नळाला पाणी आलंय, इस्त्रीवाला दारात उभा आहे, असं काही अडलंच तर ते त्यांच्यामार्फत जाई. "तिला सांगा", "तिला म्हणावं" अशी दिवसभर ये-जा चाले. आता निरोप पोचवणारा म्हटला की थोडं तिखटमीठ लावणारच; तो त्याचा मेहनताना. सासूबाईंना त्यांच्या ऐन उमेदीतही त्या घरात एवढं महत्त्व नव्हतं.

भांडणाचं मूळ होता धाकटीचा मुलगा. त्याला सगळे मुंगळा म्हणत, कारण साखरेचा डबा कुठल्याही फळीवर ठेवला तरी तो तिथं पोचे, आणि एकदा चिकटला की सुटत नसे. हा मुंगळा धड चालायला लागतोय तोच धाकटीनं घरभर तक्ते लावायला घेतले होते. न्हाणीघराच्या दारावर अंक, जिन्याच्या भिंतीवर बाराखडी, जेवणाच्या टेबलासमोर प्राणी. पोराच्या तोंडात घास गेला की ही विचारायची, "हा कोण? हत्ती म्हण. हत्ती!" घास गालातच राहायचा आणि हत्ती बाहेर पडायचा.

थोरली शाळेत शिक्षिका. पहिलीच्या मुलांची नाकं पुसण्यात तिची निम्मी हयात गेलेली. एक दिवस तिनं सांगितलं, आणि ते चांगल्या मनानं सांगितलं असं तिचं अजून म्हणणं आहे, "अगं, एवढ्यात नको गं त्याला गिरवायला लावूस. आधी बोटांत जोर येऊ दे. कणकेचा गोळा दे मळायला, चिमटे दे दोरीला लावायला, डाळी दे वेगळ्या करायला. नाहीतर पोराचा नुसता पोपट होईल."

"पोपट?" धाकटी म्हणाली.

"मग काय तर. हत्ती म्हणतोय, पण मोठा कोण आणि लहान कोण ते विचार. नाही सांगायचा."

दुसऱ्या दिवशी टेबलासमोरचा प्राण्यांचा तक्ता गायब होता आणि त्याच खिळ्याला थोरलीचं कॅलेंडर लटकत होतं.

त्या दिवसापासून घर फाटलं. चूल तेवढी एकच राहिली, कारण गॅसचं कनेक्शन एकच होतं. बाकी सगळ्याची वाटणी झाली. फ्रीजचा वरचा कप्पा थोरलीचा, खालचा धाकटीचा. काठाचे पेले थोरलीचे, बिनकाठाचे धाकटीचे. दोरीवरचे निळे चिमटे थोरलीचे, लाल धाकटीचे. साबणाच्या वड्यासुद्धा दोन, आणि एकीची वडी दुसरीच्या आधी झिजली की संशय. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, एकाच छापखान्यात कामाला होते. दिवसभर ते एकमेकांशी गप्पा मारत, एकाच डब्यातून खात; पण घराचा कोपरा वळला की दोघांच्याही तोंडाला कुलूप लागे. एक पुढे चाले, एक मागे, जणू ओळखच नाही.

मुंगळ्यालाही नियम लागू झाले. पहिल्याच आठवड्यात काकूनं त्याच्या हातावर बिस्किट ठेवलं आणि तो ते तोंडात टाकून आईकडे आला. धाकटीनं ते थुंकायला लावलं.

"कुणाकडून काय घ्यायचं ते कळत नाही तुला? आणि काय बोललास तिच्याशी?"

"बिस्किट छान आहे म्हणालो."

"पुन्हा तिच्याशी बोलताना दिसलास तर बघ."

पोर पुन्हा काकूशी बोललं नाही. पोरं एरवी काही ऐकत नाहीत म्हणून आपण कपाळाला हात लावतो. ती ऐकायला लागतात तेव्हा खरं कपाळाला हात लावायची वेळ येते, हे धाकटीला पुढं कळायचं होतं.

इतकं सगळं असूनही थोरलीनं सांगितलेले ते चिमटे धाकटीच्या डोक्यातून गेले नव्हते. दुश्मन खोटं बोलत असला तर बरं असतं. खरं बोलला की रात्रीची झोप जाते. संध्याकाळी थोरली वह्या तपासायला बसली की धाकटी गॅलरीचं दार ओढून घ्यायची आणि मुंगळ्यापुढं चिमट्यांची टोपली सरकवायची. "खेळ हं. असंच. खेळायला म्हणून." तो बोटं दाबून दाबून दोरीला चिमटे लावी. कुणी विचारलंच तर पोर खेळत होतं. पण विचारणार कोण? बोलणंच बंद होतं.

घराजवळ शाळा एकच, थोरलीचीच, आणि त्या शाळेत बालवर्ग एकच. मुंगळ्याला तिथं घातलं तेव्हा बालवर्गाच्या बाई वेगळ्या होत्या. हसऱ्या, तरुण, आणि मुख्य म्हणजे नात्यातल्या नव्हत्या. मुंगळा तिथं इतका बोलायचा की त्या गमतीनं म्हणत, "याला घरी ठेवा हो एखाद दिवस, माझे कान तरी विसावतील." पुढं त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. पहिलीला बदली माणूस मिळत होतं, बालवर्गाला मिळेना. मग शाळेच्या मोठ्या बाईंनी थोरलीला पहिलीवरून खाली बालवर्गावर आणून बसवलं.

ही बातमी धाकटीला सासूबाईंकडून कळली, अर्थात तिखटमीठ लावून. "ती म्हणत्ये, आला ना आता माझ्या हाताखाली, बघतेच."

थोरली प्रत्यक्षात म्हणाली होती, "आता हा माझ्या वर्गात येणार, बघू या." पण एवढ्याशा फरकासाठी सासूबाई कशाला जीभ आवरतील?

आणि मुंगळ्यानं मिठाची गुळणी धरली. पटांगणात आरडाओरडा करायचा, घसरगुंडीवर इतर पोरांना दरडावायचा, पण काकूच्या चपलांचा आवाज आला की तोंड बंद. वर्गात तिनं मणी पुढं केले की हा हात पाठीमागे घेई. चित्र दाखवलं की छताकडे बघे. रंग विचारला की जणू त्याच्या सात पिढ्यांत कुणी रंग पाहिलाच नव्हता.

"घरून पढवून पाठवलं की मूल असंच वागणार," थोरलीनं शेगडीला सांगितलं.

"आधीच्या बाईंपुढं पोर बोलत होतं. आता का बोलत नाही ते ज्याच्या त्याच्या मनाला माहीत," धाकटीनं फ्रीजला सांगितलं, आणि दार असं आपटलं की आतल्या अंड्यांनाही कळावं.

वर्ष संपत आलं तसं मोठ्या बाईंनी धाकटीला बोलावून घेतलं. मोठ्या बाई बोलायला गोड होत्या. कडू गोष्टी सांगायची नोकरी असली की माणसाला गोड बोलावंच लागतं.

"त्याला काहीच सांगता येत नाही असं वर्गशिक्षिकेचं म्हणणं आहे. आपल्याकडे शेवटी पाहणी असते. बाई विचारणार, मुलानं सांगायचं. पालक समोर, मी समोर. नाहीच बोलला, तर आणखी एक वर्ष बालवर्गात ठेवू. त्यात कमीपणा काही नाही."

"तुम्ही विचारा ना त्याला. तुम्हाला सांगेल तो."

"असं कसं चालेल? ज्यांच्या वर्गात मूल, त्यांनीच विचारायचं. नियम आहे."

"आणि पुढच्या वर्षी बालवर्ग कुणाकडे?"

"तुमच्या जाऊबाईंकडेच," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "घरचंच माणूस. तुम्हाला काय काळजी!"

धाकटी तडक घरी आली. पोराला मठ्ठ ठरवणार, तेही थोरलीच्या हातून. आणि वर आणखी एक वर्ष तिच्याच ताब्यात. तिनं मुंगळ्याला पुढ्यात घेतलं आणि दार लावलं. रंग विचारले, सांगितले. आकडे विचारले, सांगितले. मोठं काय, लहान काय, कांदा कुठं उगवतो, कुठल्या पायात कुठली चप्पल, सगळं घडाघडा.

"मग मेल्या, शाळेत काय होतं तुला? काकू विचारते तेव्हा दातखीळ बसते?"

मुंगळ्यानं आईकडे असं पाहिलं, जसं म्हातारं माणूस काही विसरलं की घरचे बघतात.

"आपण काकूशी बोलत नाही ना?" तो म्हणाला.

धाकटीला क्षणभर कळेनाच. मग कळलं, आणि कळलं ते नको होतं असं वाटलं.

"अरे, ते घरी. शाळेत बोलायचं."

"शाळेत काकू नसते?"

"असते, पण तिथं ती बाई असते."

"चष्मा तोच असतो," मुंगळा म्हणाला.

"मी सांगत्ये ना, बोल तिच्याशी."

"मग तू मला थुंकायला लावशील."

"नाही लावणार रे बाबा!"

मुंगळ्यानं विचार केला. मुंगळ्याचा विचार म्हणजे चिकटलेला मुंगळाच. "आधी तू बोल. मग मी."

यावर धाकटीनं त्याला रागावून पाहिलं, साखर देऊन पाहिली, शेवटी सकाळी स्वयंपाकघरात त्याला कडेला उभं करून ती म्हणाली, "आज ऊन कडक आहे."

"हे फ्रीजशी बोललीस," मुंगळा कुजबुजला.

धाकटीनं दात आवळले. वळली. थोरलीच्या पाठीकडे बघून पुन्हा म्हणाली, "आज ऊन कडक आहे."

थोरलीची पाठ किंचित हलली. मग तिनं शेगडीला सांगितलं, "सूर्य काही कुणी माहेरून आणलेला नाही."

धाकटीच्या कानशिलांना आग लागली. "बघितलंस?" ती मुंगळ्याला घेऊन बाहेर येत म्हणाली. "बोलले मी. झालं?"

"पाठीशी बोललीस. काकूपण शेगडीशीच बोलली." त्यानं मान हलवली. "हे नाही धरायचं."

पाहणीचा दिवस उजाडला तो असा. बालवर्गातलं सगळं सामान गुडघ्याएवढं. धाकटीला एका इवल्याशा लाल खुर्चीत बसवलं होतं आणि तिचे गुडघे हनुवटीला लागत होते. माणसाला असं बसवलं की त्याची निम्मी हिंमत तिथंच संपते. बहुधा म्हणूनच पालकांना तसं बसवतात. समोर बुटक्या टेबलापलीकडे थोरली, शेजारी मोठ्या बाई पेन काढून. टेबलावर रंगीत मण्यांचं ताट. मुंगळा मधे उभा.

"हा रंग कोणता?" थोरलीनं विचारलं.

मुंगळ्यानं छताकडे पाहिलं.

"बरं. लाल मणी वेगळे काढ बघू."

मुंगळ्याचे हात पाठीमागे गेले. त्यानं एकदा आईकडे पाहिलं. 'तू आधी' असं ते बघणं होतं. धाकटीनं मान खाली घातली.

"मोठ्या बाई, मी सारखी सांगत्ये," थोरली म्हणाली, "घरून पाठबळ लागतं. एकट्या शाळेनं काय होणार?"

"मोठ्या बाई, घरी त्याला सगळं येतं. इथंच घाबरतो. कुणाला ते मी कशाला सांगू!"

"मोठ्या बाई, आजवर मी एका मुलावर डोळे वटारलेले नाहीत."

"मोठ्या बाई, चष्म्याआड वटारले की दिसत नाहीत."

"मी काय भिंत आहे का हो?" मोठ्या बाईंचा गोडवा संपला. "एका घरात राहता ना दोघी?"

"हो," दोघी मोठ्या बाईंना म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण काढून हात कागदाकडे नेला. कागदावर काय लिहिणार ते धाकटीला उलट्या बाजूनंही वाचता आलं असतं. मुंगळा अजून तिच्याकडेच बघत होता. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसता भरवसा होता, आणि तोच तिला सोसेना.

"वहिनी," धाकटी म्हणाली.

हा शब्द इतक्या दिवसांत गंजून गेला होता. थोरलीनं आधी मागे वळून पाहिलं, दुसरी कुठली वहिनी आली की काय म्हणून.

"काय गं?"

'वहिनी, त्याला जरा मायेनं विचारून बघा' असं वाक्य धाकटीनं मनात घोटून ठेवलं होतं. पण तुंबलेली मोरी मोकळी झाली की आधी काय बाहेर येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"माझा हत्तीचा तक्ता कुठं फेकलात?"

"फेकला?" थोरली ताडकन उठली. "माळ्यावर आहे, गुंडाळून, वर कागद लावून, फाटू नये म्हणून! भिंतीला ओल आली होती, काढला. दुसऱ्याची वस्तू फेकायला मी काय तुझ्यासारखी आहे? चिमटे ढापणारी?"

"मी चिमटे ढापले?"

"माझे निळे तुझ्या दोरीवर असतात! रोज बघत्ये!"

"अहो बाई..." मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुमच्या निळ्यांना कोण विचारतंय! माझे लाल कमी झालेत ते आधी सांगा!"

"तुझे लाल मला काय करायचेत, नाकाला लावायचेत?"

"लावाच! नाहीतरी सगळीकडे खुपसता ते!"

"आईच्या दोरीवरचे निळे मी लावलेत," मुंगळा म्हणाला.

तो थेट थोरलीकडे बघून बोलला होता.

"तू?" थोरली म्हणाली. "कशाला रे?"

"बोटांत जोर यायला. आई देते संध्याकाळी. दार लावून."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. आता छताकडे बघायची पाळी धाकटीची होती.

"निळे काकूचे, लाल आईचे," मुंगळा सांगत सुटला; कित्येक दिवसांचं साठलं होतं. "निळे जास्त आहेत. लाल कमी आहेत, कारण दोन आजीनं घेतलेत. पिशवीचं तोंड बंद करायला."

"कसली पिशवी?" दोघींनी एकदम विचारलं.

"साखरेची. आजीची वेगळी साखर आहे. पलंगाखाली."

थोरली सावकाश खाली बसली. रागानं तिचा श्वास अजून वरखाली होत होता, पण हात सवयीनं मण्यांच्या ताटाकडे गेला आणि तिनं ते त्याच्यापुढं सरकवलं. "मग हे मणी कुणाचे ते सांग बघू मला."

मुंगळ्याचे हात पुढं आले. चिमट्यांनी मजबूत झालेली बोटं भराभर चालू लागली. "हे निळे काकूचे. हे लाल आईचे. पिवळे आजीचे, ते झाकून ठेवायचे."

"आणि हे पांढरे?"

"हे बाबांचे आणि काकांचे. ते मिसळलेले चालतात." त्यानं पांढरे मणी ताटाबाहेर टेबलावर ठेवले. "पण घराबाहेर."

मग त्याला थांबवणं कठीण झालं. वरचा कप्पा कुणाचा, खालचा कुणाचा. काठाचे पेले कुठले, बिनकाठाचे कुठले. आईचा साबण लहान झालाय, काकूचा मोठा आहे, कारण काकू आईच्या साबणानं हात धुते.

"धुते?" धाकटी किंचाळली.

"एकदाच धुतले!" थोरली म्हणाली.

मोठ्या बाईंचं पेन खुणा करत धावत होतं. "रंग येतात. कमी-जास्त येतं. वर-खाली, लहान-मोठं, आत-बाहेर..." त्यांनी कौतुकानं मान डोलावली. "घरात फारच पद्धतशीर घेतलेलं दिसतंय. सगळं घरच असं मुलाच्या शिकण्यासाठी मांडून ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. घरून एवढं पाठबळ क्वचित बघायला मिळतं."

दोघी जावांनी वेगवेगळ्या भिंतींकडे पाहिलं.

"पोपट नाहीये," थोरली शेवटी म्हणाली. "हेर आहे."

"तुमच्याच घरात वाढलाय," धाकटी म्हणाली.

थोरलीनं कागद ओढून घेतला आणि 'पहिलीत पाठवावे' यापुढं सही केली. सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला, पण सही केली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी वर्षभर या बाईच्या हाताखाली पोर ठेवायला नको! सुटलो!

"छानच झालं," मोठ्या बाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "पहिलीचे बदली शिक्षक सोडून चाललेत, तेव्हा पहिली पुन्हा तुम्हीच घ्या. मूल तुमच्याशी रुळलंय, आता तोडायला नको."

धाकटीच्या डोळ्यांतलं पाणी आल्या वाटेनं परत गेलं.

घरी येईस्तोवर रस्त्यानं दोघी सारख्या बोलत होत्या. साबण, माळा, दूध, कॅलेंडर, एक काही सुटलं नाही. लोक गॅलऱ्यांत येऊन उभे राहिले. मुंगळा दोघींच्या मधे, एकेक बोट एकेकीच्या मुठीत, खुशीत चालला होता. घराच्या कोपऱ्यावर त्याचे बाबा आणि काका गप्पा मारत उभे होते. दोघींना येताना पाहून त्यांनी सवयीनं तोंडं मिटली, मग त्या दोघीच मोठमोठ्यानं बोलताहेत हे बघून पुन्हा उघडली, आणि त्यातून काय काढावं हे न सुचून तशीच ठेवली.

आत सासूबाई आपल्या जागेवर तयार होत्या. "ती म्हणत होती की..." त्यांनी सुरुवात केली.

"मलाच म्हणाली ती, इथं, तोंडावर," थोरली म्हणाली. "तुम्ही आधी पलंगाखालची पिशवी काढा."

"आणि माझे चिमटे," धाकटी म्हणाली.

सासूबाईंना हे पहिल्या फटक्यात ऐकू आलं. त्यांनी दोघींकडे पाहिलं, मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, जिथून आजवर सगळे निरोप जायचे, आणि आपला हुद्दा गेला हे त्यांच्या ध्यानात आलं. "मी आजपासून या घरात कुणाशी बोलायची नाही," असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मुंगळ्यानं आईचा हात ओढला, मग काकूचा.

"आपण आजीशी बोलतो का?"

"बोलायचं तर!" थोरली म्हणाली.

"अजिबात नाही," धाकटी म्हणाली. "दोन चिमटे परत येईपर्यंत नाही."

"पोराला काय शिकवत्येस? लहान मुलांपुढं असं बोलतात?"

"तुम्ही मला शिकवू नका. शिकवायचं ते शाळेत."

"घरी शिकवलं असतंस तर शाळेत ही वेळ आली नसती!"

मुंगळ्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग तो फ्रीजसमोर जाऊन उभा राहिला.

"काही लोकांना भूक लागल्ये," त्यानं फ्रीजला सांगितलं.